अल्टरनेटर आवाज करतो? आधी कान लावा, मग पाना उचला
(जुनी जीप आणि ट्रॅक्टर वापरणाऱ्या शेतकऱ्यांसाठी)



बैल लंगडायला लागला तर आपण त्याच दिवशी त्याचा खूर उचलून पाहतो. गाडीच्या बाबतीत मात्र तसं करत नाही. बॉनेटखालून आवाज आला की म्हणतो, "जुनी गाडी आहे, आवाज करणारच." असं म्हणता म्हणता महिना जातो आणि ऐन सुगीत, भरला माल घेऊन बाजाराला निघालेली गाडी रस्त्यात उभी राहते.

माझ्या भागातल्या एका शेतकऱ्याच्या जुन्या डिझेल जीपला असाच घरघर आवाज येत होता. एका गॅरेजमध्ये "अल्टरनेटर गेला" असं सांगून नवा बसवून दिला. आवाज तसाच राहिला. दोष होता वॉटर पंपाच्या बेरिंगमध्ये. काही दिवसांनी पंपातून पाणी गळालं, इंजिन तापलं आणि हेड गॅस्केट गेलं. अल्टरनेटरचे पैसे वाया गेले ते गेलेच, वर इंजिनाचा खर्च बसला. दहा मिनिटांच्या तपासणीनं हे टळलं असतं. ती तपासणी आपण कार्यक्रमात ऐकलीच आहे. गाडीजवळ उभं राहून करताना कागद हाताशी असावा, म्हणून हे पत्रक.

अल्टरनेटरचं काम काय?

इंजिन फिरतं तेव्हा पट्टा अल्टरनेटरची पुली फिरवतो. आतला रोटर इंजिनाच्या दुप्पट-तिप्पट वेगानं फिरतो आणि वीज तयार होते. ही वीज डायोडमधून जाऊन बॅटरी भरते आणि दिवे चालवते. रोटर पुढं आणि मागं अशा दोन बेरिंगांवर फिरतो. मागच्या बाजूला तांब्याच्या दोन कड्यांवर कार्बनचे ब्रश घासतात. म्हणजे आवाज येण्याच्या जागा मोजक्याच आहेत: पट्टा, पुली, बेरिंग, ब्रश, डायोड आणि पकडीचे बोल्ट.

बहुतेक जुन्या गाड्यांत हाच पट्टा वॉटर पंपही फिरवतो. अल्टरनेटरचं बेरिंग जाम झालं तर पट्टा जळतो किंवा तुटतो, पाणी फिरायचं थांबतं आणि इंजिन तापतं. आवाजाकडे दुर्लक्ष करू नका ते यासाठी.

आधी सावधगिरी

गाडी सपाट जागी लावा, न्यूट्रलला घ्या, हँडब्रेक ओढा आणि चाकाखाली दगड द्या. उपरणं, मफलर, सैल बाही, पदर, मोकळे केस यांतलं काहीही फिरत्या पट्ट्याजवळ जाऊ देऊ नका. लहान मुलांना दूर ठेवा. पट्ट्याला हात लावायचा तो इंजिन बंद करून, चावी खिशात टाकून. अल्टरनेटर खोलायचा असेल तर आधी बॅटरीची उणे बाजूची तार काढा. त्याच्या पाठीमागची जाड तार थेट बॅटरीला जोडलेली असते. तिथं पाना टेकला तर मोठी ठिणगी उडते.

कोणता आवाज कशाचा?

१) चीं-चीं असा किंचाळल्यासारखा आवाज: सकाळी गाडी सुरू करताना, पावसात किंवा दिवे लावल्यावर येतो आणि थोड्या वेळानं कमी होतो. पट्टा ढिला आहे किंवा घासून गुळगुळीत झाला आहे.

२) चिमणीसारखी चिवचिव: गाडी स्लोमध्ये असताना ठराविक तालात येते. पुल्या एका रेषेत नाहीत किंवा पट्टा कोरडा पडून तडकला आहे.

३) घरघर, जात्यासारखा आवाज: रेस वाढवली की वाढतो. बेरिंग खराब. पण ते अल्टरनेटरचं की वॉटर पंपाचं, ते ठरवायचं बाकी आहे.

४) घूं असा बारीक गुणगुण आवाज: दिवे लावले की वाढतो, बंद केले की उतरतो. विजेचा दोष, बहुधा डायोड गेलेला असतो.

५) खडखड: पकडीचे बोल्ट, पुलीचा नट किंवा पंख्याचं पातं ढिलं झालं आहे.

६) किरकिर: ब्रश झिजला आहे किंवा तांब्याच्या कड्या खराब झाल्या आहेत.

पहिली तपासणी: पट्टा

इंजिन बंद करून दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्यानं पट्टा दाबा. साधारण अर्धा इंच, म्हणजे १२-१३ मिलिमीटर दबला पाहिजे. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत वेगळं माप दिलं असेल तर तेच धरा. पट्टा उलटून आतली बाजू पाहा. भेगा, सुटलेले धागे किंवा काचेसारखी चकाकी दिसली तर तो बदला. पुलीची खाचही पाहा. पट्ट्यानं खाचेच्या दोन्ही कडांवर बसायचं असतं. खाचेचा तळ घासून चकचकीत झाला असेल तर पट्टा झिजून खाली बसतो आहे. कितीही ताणला तरी तो घसरणारच.

पाण्याची एक सोपी परीक्षा आहे. गाडी स्लोमध्ये चालू ठेवून, अंतर राखून बाटलीनं पट्ट्यावर थोडं पाणी शिंपडा. किंचाळणं वाढलं तर पट्टा ढिला. आवाज घटकाभर थांबून पुन्हा आला तर पट्टा कोरडा झाला आहे किंवा पुल्या वाकड्या आहेत. मग गाडी बंद करून पुल्यांच्या तोंडाशी एक दोरी ताणून धरा. कोणती पुली पुढं-मागं आहे ते कळेल.

पट्टा ताणताना लाकडी दांडा वापरा आणि तो अल्टरनेटरच्या पुढच्या, म्हणजे पुलीकडच्या भागाला लावा. मधल्या भागावर किंवा पाठीवर पहार लावली तर आतला भाग वाकतो. "जरा जास्तच ताणू, म्हणजे पुन्हा ढिला नको" हा हिशेब चुकीचा आहे. ताठ पट्टा दोन्हीकडची बेरिंगं खातो. नवा पट्टा थोडा बसतो, म्हणून आठ-दहा दिवसांनी पुन्हा दाबून पाहा.

दुसरी तपासणी: पट्टा काढून

पट्टा ठीक असून घरघर राहिली तर ही तपासणी करा. थंड इंजिनाचा पट्टा काढा आणि इंजिन फक्त अर्धा मिनिट चालवा. जास्त नको, कारण वॉटर पंप बंद आहे. आवाज तसाच आला तर दोष इंजिनाच्या आत आहे, मिस्त्रीला बोलवा. आवाज गेला तर दोष अल्टरनेटरचा किंवा पंपाचा.

आता इंजिन बंद करून दोन्ही पुल्या एकेक करून हातानं फिरवा आणि वर-खाली हलवून पाहा. चांगला अल्टरनेटर मऊ फिरतो. ब्रशचा बारीक सस्स आवाज चालतो. खरखर लागली, अडकला किंवा पुली डुलली तर बेरिंग गेलं. हीच लक्षणं पंपात दिसली, किंवा पंपाखाली पाण्याचा ओघळ दिसला, तर दोषी पंप. वर सांगितलेल्या शेतकऱ्याकडे एवढंच करायचं राहिलं होतं.

काही डिझेल गाड्यांत अल्टरनेटरच्या पाठीला ब्रेकसाठी व्हॅक्यूम पंप जोडलेला असतो. त्याला तेलाच्या नळ्या येतात. अशी गाडी पट्टा काढून एक पाऊलही चालवू नका; ब्रेक जड होतात. तिथं तेल गळत असेल तर ते ब्रशमध्ये उतरतं. हे काम मिस्त्रीकडूनच करून घ्या.

तिसरी तपासणी: वीज

साध्या मल्टीमीटरनं हे कळतं. इंजिन बंद असताना १२ व्होल्टची भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू करून रेस थोडी वाढवली की १३.८ ते १४.४ च्या आसपास दाखवली पाहिजे. १३ च्या खाली राहिली तर चार्जिंग होत नाही. १५ च्या वर गेली तर बॅटरीचं पाणी आटेल आणि दिवे उडतील. मग मीटर एसी व्होल्टवर लावून बॅटरीवर धरा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दाखवलं तर डायोड खराब आहे.

मीटर नसेल तर एक खूण सांगतो. रात्री बंद केलेल्या गाडीचा अल्टरनेटर सकाळी हाताला कोमट लागला आणि बॅटरी उतरलेली असली, तर डायोडमधून वीज रात्रभर उलट वाहते आहे.

बेरिंग बदलायचं असेल तर

बेरिंग गेलं म्हणून सगळा अल्टरनेटर टाकून देऊ नका. बेरिंगचा नंबर त्याच्या कडेवर कोरलेला असतो. जुनं बेरिंग दाखवून त्याच नंबरचं, दोन्ही बाजूंनी झाकण असलेलं, चांगल्या प्रतीचं घ्या. पुढचं आणि मागचं दोन्ही एकदमच बदला.

खोलण्याआधी दोन्ही अर्ध्या भागांवर खडूनं किंवा खिळ्यानं एक सरळ रेघ मारा, म्हणजे जोडताना तसेच बसतील. ब्रश मागून काढता येत असतील तर आधी काढा. घाईत ते तुटतात. जुनं बेरिंग पुलर लावून ओढा. नवं शाफ्टवर बसवताना दाब आतल्या कड्यावरच द्या. खोबणीत बसवताना बाहेरच्या कड्यावर. चुकीच्या कड्यावर हातोडा पडला की नवं बेरिंगही पंधरा दिवसांत घरघरतं. तांब्याच्या कड्या बारीक पॉलिश पेपरनं साफ करा. ब्रश ५ मिलिमीटरपर्यंत झिजले असतील तर तेही बदला.

पुलर नसेल किंवा हात बसलेला नसेल तर अल्टरनेटर उतरवून इलेक्ट्रिशियनकडे न्या. "बेरिंग बदलून द्या" असं नेमकं सांगितलं की खर्चही नेमका होतो. डायोडचं काम मात्र त्याच्यावरच सोपवा.

डायनॅमो असेल तर

फार जुन्या ट्रॅक्टरवर अल्टरनेटरऐवजी डायनॅमो असतो. त्याच्या मागच्या टोकाला बुश असतो आणि बऱ्याच डायनॅमोंवर तेलाचं बारीक छिद्र असतं. तिथं इंजिन ऑइलचे दोन-तीन थेंब अधूनमधून टाका. जास्त टाकलं तर तेल ब्रशवर जाऊन चार्जिंग बिघडतं. झाकणाच्या बेरिंगला बाहेरून तेल देण्यात मात्र काही अर्थ नाही.

हे करू नका

• पट्ट्याला साबण, राळ, तेल किंवा रॉकेल लावू नका. आवाज चार दिवस लपतो, पट्टा कायमचा खराब होतो.
• इंजिन चालू असताना "चार्जिंग पाहू" म्हणून बॅटरीची तार काढू नका. त्या झटक्यानं डायोड जळतात.
• गाडी धुताना अल्टरनेटरवर पाण्याचा जोराचा फवारा मारू नका.
• घरघर वाढत असताना लांबच्या किंवा रात्रीच्या प्रवासाला निघू नका.

हे सारं खाचेत बसणाऱ्या साध्या पट्ट्याच्या जुन्या गाड्यांसाठी सांगितलं आहे. नव्या गाड्यांना रुंद, रेघांचा पट्टा आणि आपोआप ताण देणारी पुली असते. तिथं अंगठ्याचं माप लागू पडत नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं लक्षात कसं ठेवायचं? क्रम तेवढा ठेवा: आधी पट्टा पाहा, मग पट्टा काढून पुल्या फिरवा, मग वीज मोजा. दोष ठरल्याशिवाय सुटा भाग विकत घेऊ नका. पेरणीआधी आणि सुगीआधी असं वर्षातून दोनदा बॉनेट उघडून ही तपासणी करा. पत्रक गाडीच्या कागदांबरोबर ठेवा, आणि शेजाऱ्याची गाडी आवाज करत असेल तर त्यालाही वाचून दाखवा.