खोली रिकामी कोण करणार?

कुर्ट व्हॉनेगट या अमेरिकी लेखकाची १९५४ साली प्रसिद्ध झालेली एक विज्ञानकथा गिरगावच्या चाळीत वाढलेल्या वाचकाला मुळीच परकी वाटणार नाही. काळ सन २१५८. वार्धक्य थोपवणारे औषध कवडीमोलाने मिळते आहे, मरण ऐच्छिक झाले आहे आणि न्यूयॉर्कच्या एका बिऱ्हाडात पिढ्यांवर पिढ्या साचल्या आहेत. स्वतंत्र खोली एकट्या १७२ वर्षांच्या आजोबांची. बाकी सारे पथाऱ्या टाकून झोपतात. मर्जीतून उतरलेल्याचे नाव मृत्युपत्रातून वगळायचे, हे आजोबांचे हुकमी शस्त्र. अखेरीस घरात मारामारी होऊन सगळ्यांची रवानगी तुरुंगात होते, तेव्हा स्वतंत्र कोठडी मिळाल्याचा त्यांना कोण आनंद!

अमरत्वावरच्या दुःस्वप्नवत विज्ञानकथांचे मर्म इथे सापडते. शरीर किती टिकेल यापेक्षा जागा कोण सोडणार, हा प्रश्न त्यांना अधिक छळतो. वारसा, वडीलधाऱ्यांचा मान, निवृत्ती, जन्माची गाठ हे सारे संकेत माणूस केव्हातरी जाणार या गृहीतावर उभे आहेत. जोनाथन स्विफ्टने हे १७२६ मध्येच ओळखले होते. त्याच्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मधील अमर माणसे ऐंशीची झाली की कायद्याने मृत मानली जातात आणि मालमत्ता वारसांकडे जाते, पती-पत्नी दोघेही अमर असतील, तर धाकट्याने ऐंशी गाठताच विवाह संपुष्टात येतो. निसर्ग मारत नसेल तर समाजाला कागदोपत्री मारावे लागते. चेक नाटककार कारेल चापेक याने १९२२ साली तीनशेहून अधिक वर्षे जगलेली नायिका रंगभूमीवर आणली, तीही जवळजवळ शतकभर रेंगाळलेल्या वारसाहक्काच्या दाव्यात. धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयाच्या पायऱ्या झिजवलेल्यांना ही फार मोठी कल्पनाभरारी वाटू नये.

मुंबईने माणूस नव्हे, पण भाडे मात्र अमर करून पाहिले. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांचे भाडे सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवले. भाडेकरू निवर्तला तरी सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क जाई. १९९९ च्या कायद्यातही ती तरतूद राहिली. लालबाग-परळपासून गिरगावापर्यंतचे असंख्य संसार त्यामुळे तगले, हे विसरता येत नाही. परंतु मालकाला डागडुजी परवडेना, भाडेकरूला जागा सोडवेना आणि नवविवाहित मुलाच्या वाट्याला पडद्याआडचा कोपरा आला. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे गोठवणे अवाजवी ठरवले.

पडद्याआडचा हा मुलगा आपल्या पुराणांनाही ठाऊक आहे. ययाती आपली जरा पुरूला देऊन त्याचे तारुण्य घेतो. पितृआज्ञेचा आदर्श म्हणून ती कथा आपण सांगत आलो. खरे तर एका पिढीने दुसरीचा काळ वापरून टाकल्याची ती गोष्ट आहे.

याच्या उलट टोकाची भीती व्हॉनेगटच्याच १९६२ च्या कथेत भेटते. तिथे लोकसंख्या ठरलेली आहे. एक मूल जगायचे, तर कोणीतरी स्वेच्छेने मरायचे. जाण्याचा हक्क हा जाण्याचा शिष्टाचार कधी बनला, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. गिरगावातील एका वृद्ध, निरपत्य दाम्पत्याने २०१७ च्या अखेरीस राष्ट्रपतींकडे इच्छामरणाची परवानगी मागितली, तेव्हा ही कथा आठवली. दोघांनाही दुर्धर आजार नव्हता. तो जडेपर्यंत थांबायचे नव्हते आणि कोणावर भार व्हायचे नव्हते. त्यांच्या निर्धाराबद्दल आदर वाटतो, पण ‘भार’ हा शब्द अस्वस्थ करतो. तो एकाने स्वतःपुरता उच्चारला, की शेजारच्या खोलीतल्या आजोबांनाही ऐकू जातो. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला, तो मात्र बरे होण्याची आशा नसलेल्या रुग्णाचे उपचार थांबवण्यापुरता. हे कुंपण आवश्यकच होते.

त्या वाटेवरचा पहिला मोठा खटला परळच्या केईएम रुग्णालयातला. १९७३ मधील अमानुष हल्ल्यानंतर अरुणा शानबाग तिथेच अंथरुणाला खिळून होत्या. २०११ मध्ये न्यायालयाने निष्क्रिय दयामरणाचे तत्त्व स्वीकारले, परंतु त्यांच्याबाबतीत परवानगी नाकारली. त्यांची अनेक वर्षे शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांचा व रुग्णालयाचा त्याला विरोध होता. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. तोवर सुमारे बेचाळीस वर्षे ती खाट परिचारिकांनी रिकामी होऊ दिली नव्हती.