ऐकणारा कोण, ठरवणारा कोण?

नागपुरात सदरहून सिव्हिल लाइन्सकडे निघाले की थोड्याच अंतरात जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा न्यायालय आणि मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ लागते. कामकाजाच्या दिवशी सकाळी या रस्त्यांवर प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन चाललेली माणसे दिसतात. कुणी मौद्याहून आलेला असतो, कुणी थेट गडचिरोलीहून. कुठे निघालात म्हणून विचारले तर उत्तर एका शब्दात मिळते : "पेशी आहे." पश्चिम महाराष्ट्रात त्यालाच 'तारीख' म्हणतात. सरकारी कागदावर मात्र दोन्हीकडे एकच शब्द असतो, सुनावणी.

हा शब्द तसा फसवा आहे. घरात कुणी कुणाला 'सुनावले' म्हणजे चांगलेच फैलावर घेतले. कचेरीतल्या सुनावणीत उलट आपण सुनवायचे आणि साहेबाने ऐकायचे, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात पुष्कळदा घरातलाच अर्थ वाट्याला येतो. 'ऐकणे' हेही असेच निसरडे. "पोरगा ऐकत नाही" म्हणणाऱ्या आईला मुलाच्या कानाची तक्रार करायची नसते. आणि "साहेबांनी ऐकून घेतले" एवढ्याने काम झाले असे कुणी समजत नाही.

न्यायालयातल्या पेशीचा ठरलेला क्रम आहे. बोर्डावर नंबर पाहायचा, वकिलाला गाठायचे, शिपायाच्या पुकाऱ्याकडे कान लावून व्हरांड्यात थांबायचे. पुकारा झाला आणि पक्षकार चहाच्या टपरीवर असला तर अर्ज निकाली निघू शकतो किंवा दावा एकतर्फी चालू शकतो. दिवसभरात काय घडले ते रोजनाम्यात दोन-चार ओळींत उतरते. 'वादीतर्फे मुदतीचा अर्ज, मंजूर' एवढ्यावरच कित्येक पेश्या संपतात. दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे दाव्याच्या सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी देऊ नये. हा नियम व्हरांड्यात मोठ्याने वाचून दाखवला तर लोक हसतील.

बाजू ऐकल्याशिवाय निकाल नाही, ही कल्पना इंग्रजांनी आणली असे अनेकांना वाटते. मराठी दप्तरे वेगळे सांगतात. वतनाचा तंटा मजालशीपुढे, म्हणजे निवाडा करणाऱ्या सभेपुढे, आला की वादी-प्रतिवादींना अग्रवादी आणि पश्चिमवादी म्हणत. दोघांकडून आधी राजीनामा घेत. हा नोकरी सोडण्याचा नव्हे. मजालशीचा निवाडा मान्य करू, असे ते लिहून देणे असे. मग प्रत्येकाची तकरीर (कैफियत), साक्षी आणि शेवटी महजर, म्हणजे गोताच्या साक्षीने केलेला लेखी निवाडा. जिंकणारा हरकी भरी, हरणारा गुन्हेगारी. म्हणजे कोर्ट फी दोघांनाही चुकत नसे. पुराव्याने प्रश्न सुटला नाही तर दिव्य करायला लावत, तापल्या तेलात हात घालण्यापर्यंत. मात्र त्या वाटेला जाण्याआधी दोन्ही तोंडे ऐकलेली असत.

या तत्त्वाचा सर्वांत जुना दाखला एका इंग्रज न्यायाधीशाने थेट आदमपर्यंत नेला. केंब्रिज विद्यापीठाने डॉ. बेंटली यांच्या पदव्या त्यांना न ऐकता काढून घेतल्या होत्या; १७२३ साली त्या खटल्यात न्या. फोर्टेस्क्यू यांनी आठवण करून दिली की ईश्वरानेसुद्धा आदमला शिक्षा करण्याआधी विचारले होते. त्याला सगळे ठाऊक होते, तरीही. मुद्दा नेमका इथेच आहे. उत्तर माहीत असतानाही विचारायचे कशासाठी?

या प्रश्नाचे भारतीय उत्तर मुंबईच्या पदपथावरून आले. १९८१च्या जुलैत, भर पावसाळ्यात, पदपथावरच्या झोपड्या हटवायचे सरकारने ठरवले. पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही पदपथवासी सर्वोच्च न्यायालयात गेले. मुंबई महापालिका कायद्याचे कलम ३१४ आयुक्तांना नोटीस न देता अतिक्रमण काढण्याचा अधिकार देत होते. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या घटनापीठाने सांगितले की, नोटीस न देणे हा अपवाद आहे, नियम नव्हे. सुनावणीने निकाल बदलो वा न बदलो, माणसाला माणूस म्हणून वागवण्याचा तो भाग आहे. गंमत अशी की पदपथवासी हरले. पावसाळा संपेपर्यंतची मुदत मात्र मिळाली.

चाळीस वर्षांनी तोच प्रश्न नागपुरात उभा राहिला. १७ मार्च २०२५ला महाल भागात दंगल झाली. आठवडाभरात, २४ मार्चला, आरोपी असलेल्या दोघांच्या घरांवर महापालिकेचे जेसीबी पोचले. त्याच दिवशी खंडपीठाने कारवाईला स्थगिती दिली आणि मालकांना न ऐकता केलेल्या या घाईवर कडक ताशेरे ओढले. पण हुकूम होईपर्यंत एक घर जमीनदोस्त झाले होते.

वास्तविक चारच महिन्यांपूर्वी, १३ नोव्हेंबर २०२४ला, सर्वोच्च न्यायालयाने बुलडोझरबाबत देशभरासाठी नियम घालून दिले होते. कारणे दाखवा नोटीस द्यायची आणि उत्तराला किमान पंधरा दिवस द्यायचे. प्रत्यक्ष सुनावणी घ्यायची, तिचे इतिवृत्त ठेवायचे आणि अंतिम हुकमात कारणे लिहायची. त्यानंतरही आणखी पंधरा दिवस हात लावायचा नाही. रस्ता, पदपथ, लोहमार्ग, जलाशय यांवरची अतिक्रमणे यातून वगळली आहेत. हा निकाल देणाऱ्या पीठावर न्या. भूषण गवई होते. अमरावतीत जन्मलेल्या गवईंची वकिलीतली बरीच वर्षे याच नागपूर खंडपीठात गेली. पुढे नागपूरच्या महापालिका आयुक्तांनी न्यायालयाची बिनशर्त माफी मागितली आणि त्या निकालाची माहिती नव्हती, असे सांगितले. सामान्य माणसाला 'कायदा माहीत नव्हता' ही सबब चालत नाही, हे इथे आठवल्यावाचून राहत नाही.

सुनावणी झाली तरी ती कुणापुढे झाली, हा प्रश्न उरतोच. आंध्रात बसमार्गांच्या राष्ट्रीयीकरणावर हरकती आल्या. त्या ऐकल्या खात्याच्या सचिवांनी आणि हुकूम काढला मुख्यमंत्र्यांनी. १९५८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत रद्द ठरवली. एकाने ऐकायचे आणि दुसऱ्याने ठरवायचे, ही सुनावणीच नव्हे.

आता कोराडी घ्या. नागपूरच्या उत्तरेला, शहराला खेटून असलेल्या या औष्णिक वीज केंद्रात ६६० मेगावॉटचे आणखी दोन संच उभारायचे ठरले आणि २९ मे २०२३ रोजी तिथे पर्यावरणविषयक जनसुनावणी झाली. शहरातल्या पर्यावरण संघटनांनी विरोध नोंदवला. अशी जनसुनावणी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ घेते. २००६च्या अधिसूचनेप्रमाणे तीस दिवस आधी वर्तमानपत्रांत जाहिरात द्यावी लागते, अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा त्यांचा अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या दर्जाचा प्रतिनिधी असतो, सगळ्याचे चित्रीकरण होते आणि इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवायचे असते. गणपूर्तीची अट नाही. मतदान तर नाहीच. मंडपातला अधिकारी काही ठरवत नाही. तो फक्त इतिवृत्त पुढे पाठवतो आणि प्रकल्पाची छाननी तज्ज्ञ समिती दूरच्या बैठकीत करते. म्हणजे १९५८मध्ये न्यायालयाने ज्याला दोष म्हटले, तीच इथली रीत आहे. कायद्याच्या भाषेत ही जनसुनावणी न्यायनिवाडा नसून सल्लामसलत असल्याने ते चालते. मंडपात बसलेल्या गावकऱ्याला हा फरक कुणी समजावून सांगत नाही. म्हणून तो "आम्ही नाही म्हटलं होतं, तरी झालं कसं?" असे विचारत राहतो. बोलण्याबरोबर लेखी हरकत देऊन पोच घ्यावी, हे त्याला निदान सांगायला हवे. लेखी हरकतही कार्यवाहीच्या कागदपत्रांत जाते.

लेखी हरकतीचे वजन सातबाऱ्याच्या व्यवहारात अधिक कळते. तलाठी फेरफार नोंदवतो, संबंधितांना नोटीस जाते आणि पंधरा दिवसांत हरकत आली तर प्रकरण तक्रार नोंदवहीत चढून त्याची सुनावणी लागते. हरकत आली नाही तर नोंद प्रमाणित होते आणि नागपुरात नोकरीला असलेल्या भावाला गावाकडे काय झाले ते पुढच्या दिवाळीत कळते. दिवाणी न्यायालयात यावर आगाऊ उपाय आहे : कॅव्हेट. 'मला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नये' असा तो अर्ज. नव्वद दिवस टिकतो, मग नव्याने करावा लागतो.

पण ज्याला कानाने ऐकूच येत नाही, त्याची सुनावणी कशी होते? २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्ट्यातली ७० डेसिबल श्रवणहानी म्हणजे बधिरत्व, अशी व्याख्या आहे. त्याच कायद्याने न्यायालयात दाद मागण्याची सोयही करायला सांगितली आहे. सप्टेंबर २०२३मध्ये एका कर्णबधिर वकील महिलेने सांकेतिक भाषेच्या दुभाष्याच्या मदतीने सर्वोच्च न्यायालयात काम चालवले. फौजदारी कायद्यात याहून जुनी एक तरतूद आहे. आरोपी वेडा नाही, पण समोर काय चालले आहे हे त्याला समजावून देता येत नाही, अशा वेळी खालचे न्यायालय खटला चालवू शकते. मात्र दोषी ठरवले तर सगळे कागद उच्च न्यायालयाकडे पाठवावे लागतात. विदर्भातल्या अकराही जिल्ह्यांतून अशी फाइल निघाली तर ती सिव्हिल लाइन्सच्या याच इमारतीत येते.