सहा फुटांच्या टेबलावर सीताबर्डी

खापरखेड्याहून नागपुरातला सीताबर्डीचा किल्ला साधारण २० किलोमीटरवर आहे. २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी तिथल्या दोन टेकड्यांवर लढाई पेटली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी संपली. एका बाजूला नागपूरच्या अप्पासाहेब भोसल्यांचं सुमारे १८,००० सैन्य. त्यात निम्म्याहून अधिक घोडेस्वार, सोबत कडवं अरब पायदळ. दुसऱ्या बाजूला ब्रिटिश रेसिडेंट जेन्किन्सच्या रक्षणासाठी लेफ्टनंट कर्नल स्कॉटच्या हाताखाली ईस्ट इंडिया कंपनीची जेमतेम १,३०० माणसं. एकास चौदा असं बळ असूनही भोसले हरले. असं कसं झालं, हा प्रश्न नागपूरच्या शाळेत शिकलेल्या कुणालाही पडायला हवा. त्याचं उत्तर टेबलावर छोटे शिपाई मांडून शोधायचा एक खेळ आहे, मिनिएचर वॉरगेमिंग. तो नव्याने शिकणाऱ्यासाठी सीताबर्डीइतकी चांगली सुरुवात मला दुसरी दिसत नाही.

दिवाळीत ज्याने किल्ला केला आहे तो या खेळात अर्धा शिकून आलेला असतो. अंगणातल्या किल्ल्यावर मावळा बुरुजाएवढा असतो, महाराज तर दरवाजातून आत जाऊ शकणार नाहीत एवढे. कुणाचीही तक्रार नसते. माणसाचं माप वेगळं आणि जमिनीचं माप वेगळं, ही तडजोड पोरं न सांगता करतात. वॉरगेमिंगचा सगळा पाया तोच आहे. फरक इतकाच की इथे ती तडजोड गणिताने करायची.

आधी एकच माप सगळीकडे लावून बघू. बाजारात प्लॅस्टिकचे शिपाई मिळतात, त्यांचं एक प्रचलित स्केल आहे १:७२. म्हणजे पाच-साडेपाच फुटी माणूस साधारण २.३ सेंटिमीटरचा. त्याचा चेहरा ३ मिलिमीटर, डोळा जेमतेम ०.४. या मापाने खापरखेडा ते सीताबर्डी हे अंतर किती होईल? सुमारे २७८ मीटर. शिपाई खिशात मावतो, पण त्याला त्याच मापाचं रान द्यायचं तर आख्खी गल्ली रिकामी करावी लागेल. त्या काळच्या बंदुकीचा मारा ९० मीटरपर्यंत जरा भरवशाचा. तो इथे सव्वा मीटर होतो. खेळाचं नेहमीचं टेबल सहा फूट बाय चार फूट, म्हणजे १.८३ बाय १.२२ मीटर. रुंदीत एका काठावरून झाडलेली गोळी पलीकडच्या काठाच्या बाहेर जाईल. आख्ख्या टेबलावर मावते ती १३२ बाय ८८ मीटर जमीन. क्रिकेटचं मैदानसुद्धा धड बसत नाही, लढाई कुठून बसणार!

वजनाचा हिशेब तर आणखी चक्रावणारा आहे. लांबी ७२ पट घटली की आकारमान ७२ चा घन, म्हणजे ३,७३,२४८ पट घटतं. साठ किलोचा शिपाई त्या हिशेबाने ०.१६ ग्रॅमचा होतो. खापरखेड्याचं औष्णिक वीज केंद्र १,३४० मेगावॉटचं आहे, चार संच २१० चे आणि एक ५०० चा. त्याची क्षमता याच प्रमाणात घटवली तर ३.६ किलोवॉट उरतात. घरातले दोन गिझर त्यावर धड चालणार नाहीत. धूर, राखेचे डोंगर, कोळशाच्या गाड्या, आणि शेवटी हाती दोन गिझरही नाहीत. लहान मापाची गंमत ही की ते लांबीत हळू कमी होतं आणि आकारमानात कोसळतं.

आता माणसं मोजू. सगळे मिळून १९,३०० शिपाई. एक रंगवायला अर्धा तास धरला तर ९,६५० तास. रोज तासभर बसलात तर २६ वर्षं लागतील. आज सुरुवात केलेला दहावीतला मुलगा चाळिशी पार करेल तेव्हा पहिला फासा पडेल. म्हणून खेळणारे एक ठराव करतात: एक शिपाई म्हणजे ५० माणसं. लगेच आकडे हातात येतात. भोसल्यांकडे ३६० शिपाई, कंपनीकडे २६. सगळे मिळून ३८६, म्हणजे १९३ तासांचं काम. रोज तासभर दिला तर साडेसहा महिने. पितळी बटण, पागोट्याचा काठ, बंदुकीचा पट्टा असं एकेक रंगवत गेलात की हात आपोआप सावकाश होतो. तेव्हा लक्षात ठेवायचं की ब्रशाच्या टोकाशी एक नाही, पन्नास जण उभे आहेत.

जमिनीसाठी दुसरं माप घ्यायचं: १ सेंटिमीटर म्हणजे १० मीटर. आता तेच टेबल १.८ किलोमीटर बाय १.२ किलोमीटर झालं. बंदुकीचा मारा ९ सेंटिमीटरवर आला. शिपायाच्या पायाखालची पट्टी २ सेंटिमीटर, म्हणजे २० मीटर. पन्नास माणसं दोन रांगांत खांद्याला खांदा लावून उभी केली तर पंधरा-एक मीटर जागा व्यापतात. हिशेब बऱ्यापैकी जुळला. मात्र या मापाने आपला २.३ सेंटिमीटरचा शिपाई २३ मीटर उंच झाला, सात मजली इमारतीएवढा. दिवाळीच्या मावळ्याचीच ही गोष्ट.

प्रशियन सैन्यात १८२४ साली राइसवित्झ नावाच्या लेफ्टनंटने युद्धखेळ आणला, तेव्हा त्याने १:८००० चा नकाशा वापरला. त्यावर खापरखेडा ते सीताबर्डी अडीच मीटर होतं. माणसांच्या बाहुल्या तिथे नव्हत्याच, नुसते ठोकळे होते. आकडे त्याचे जास्त नेमके खरे, पण ठोकळ्याला चेहरा नसतो. खेळण्यातल्या शिपायांशी खेळायचे सोपे नियम एच. जी. वेल्सने १९१३ साली पुस्तकरूपात दिले, आणि आजचा छंद त्याच घराण्यातला आहे.

मूळ प्रश्नाकडे येऊ. थर्माकोलचे थर कापून एकावर एक चिकटवा, वर फेविकॉल लावून कन्हान नदीची चाळलेली वाळू भुरभुरवा, दोन टेकड्या तयार. समजा टेकडीवर चढायचा उतार २० सेंटिमीटर रुंद आहे. तुमच्याकडे ३६० शिपाई, पण उतारावर एका रांगेत मावतात दहाच. बाकीचे ३५० मागे उभे. निम्म्याहून जास्त तर घोडेस्वार, आणि घोडं बंदुकांच्या तोंडी खडकाळ टेकडी चढत नाही. चौदास एक हे प्रमाण कागदावर राहतं. टेकडीच्या तोंडाशी ते दहास दहा होतं. वर्षानुवर्षं पुस्तकात वाचून जे डोक्यात शिरत नाही ते इथे मूर्त होऊन समोर उभं राहतं, आणि मागे खोळंबलेले ते ३५० शिपाई बघून भोसल्यांच्या पराभवाची खरी हळहळ वाटते.

बाकीचं नशिबावर. दहा शिपायांना प्रत्येकी दोन फासे दिले आणि पाच किंवा सहा पडलं तरच गोळी लागली असं ठरवलं. वीस फाशांत सरासरी सहा-सात लागतील. पण वीस फासे एकदा टाकले तर ते ३६ कोटी गुणिले १ कोटी यांहून अधिक तऱ्हांनी पडू शकतात. वीसच्या वीस वाया जाण्याची शक्यता ३,३२५ मध्ये एक. म्हणजे आयुष्यात एखाद्याच खेळाडूवर ही पाळी यायची, पण येणार त्याच्यावर येतेच. २७ तारखेच्या सकाळीही अशीच पारडी फिरली. अरबांनी लहान टेकडी घेतली होती. कॅप्टन फिट्झजेराल्डच्या थोड्याशा घोडदळाने अचानक मैदानात मुसंडी मारली, त्यातच दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि कंपनीच्या शिपायांनी टेकडी परत घेतली. दुपारपर्यंत सारं आटोपलं.

कंपनीची मेलेली आणि जखमी माणसं ३६७. टेबलावर त्याचे सात शिपाई होतात. सव्वीसांतले सात उचलून डबीत ठेवायला दहा सेकंद पुरतात, आणि नवख्याने इथे घाई करू नये असं मला मनापासून वाटतं. एकेक उचलावा, पन्नास म्हणावं, मग पुढचा. त्यांतले बहुतेक मद्रास पायदळाचे होते, याच देशातली माणसं, परक्या झेंड्याखाली लढणारी.

पहिल्याच खेळाला ३८६ शिपायांच्या मागे लागू नका. लहान टेकडी तेवढी घ्या: वर चार, खाली वीस. पुठ्ठ्यावर चिकटवून कापलेले कागदी शिपाई चालतील, रंगवलेल्यांपेक्षा खेळ तसूभरही कमी होत नाही. चार फासे, एक मोजपट्टी आणि समोर बसणारा एक मित्र. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, पण २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला लोकांसाठी उघडतो. त्या दिवशी बस पकडून जा, दोन टेकड्यांमधलं अंतर पावलांनी मोजा आणि घरी येऊन टेबलावरचं माप दुरुस्त करा.