अचूक अंदाजाची मजुरी कशी ठरावी?

सामना सुरू होण्याआधी कोण जिंकेल हे छातीठोकपणे सांगणारे लोक प्रत्येक नाक्यावर भेटतात. आजवर या ज्ञानाला गिऱ्हाईक होते ते फक्त सट्टेबाजांचे. गेल्या दहा-बारा वर्षांत त्याला दुसरे गिऱ्हाईक मिळाले आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे तयार करणाऱ्यांना चांगले अंदाज हवे असतात आणि त्यासाठी ते इनाम देतात. अंदाज लिहून ठेवायचे, सामन्याचा निकाल लागला की ताडून पाहायचे आणि कोणाच्या आकड्याला किती वजन द्यावे हे यंत्राला शिकवायचे, असा हा कारभार आहे. हुनर विकून पोट भरणाऱ्या आपल्या वाचकांना यातील एक प्रश्न जवळचा वाटेल. कसबाचे मोल कोणत्या मापाने करायचे, आणि ते कसब यंत्राने उचलल्यावर कारागिराच्या हाती काय उरते?

काम कसे चालते

यातील सर्वांत जुने आणि उघड उदाहरण अमेरिकेतील आहे. कॅगल ही संस्था २०१० साली सुरू झाली आणि २०१७ मध्ये गुगलने ती विकत घेतली. २०१४ पासून ती दरवर्षी मार्च महिन्यात अमेरिकी महाविद्यालयांच्या बास्केटबॉल स्पर्धेवर अंदाजांची स्पर्धा भरवते. पुरुषांच्या स्पर्धेत ६८ संघ असतात. त्यांच्या शक्य तितक्या सर्व जोड्या मांडल्या तर २,२७८ होतात. पहिल्या वर्षी स्पर्धकाला या प्रत्येक जोडीसाठी एका संघाची जिंकण्याची शक्यता आकड्यात लिहून द्यावी लागली. प्रत्यक्षात खेळले जातात ते फक्त ६७ सामने. "अमुक संघ जिंकेल" असे नुसते सांगून भागत नाही. शंभरात किती वेळा जिंकेल, ते सांगावे लागते. २०२३ साली या स्पर्धेत एकूण ५०,००० डॉलरची बक्षिसे होती.

माप कोणते

खरा मुद्दा मापाचा आहे. ग्लेन ब्रायर या अमेरिकी हवामानतज्ज्ञाने १९५० साली पावसाचे अंदाज तपासण्यासाठी एक रीत सांगितली. कॅगलने २०२३ पासून तीच रीत या स्पर्धेला लावली. ती समजायला फार शिक्षण लागत नाही. संघ जिंकला तर १, हरला तर ०. आपण सांगितलेला आकडा आणि निकाल यांतला फरक काढायचा आणि त्याला त्यानेच गुणायचे. जितके कमी गुण, तितका अंदाज चांगला.

समजा, एक संघ दहांपैकी सात सामने जिंकला. पहिल्या माणसाने प्रत्येक वेळी ७० टक्के म्हणजे ०.७ सांगितले होते. जिंकलेल्या सामन्यात त्याचे ०.०९ आणि हरलेल्या सामन्यात ०.४९ गुण होतात. दहा सामन्यांची सरासरी येते ०.२१. दुसऱ्याने प्रत्येक वेळी "हाच संघ जिंकणार, शंभर टक्के" म्हटले. सात वेळा त्याचे शून्य गुण, तीन वेळा पूर्ण एक. सरासरी ०.३०. तिसऱ्याला खेळातले काहीच कळत नाही, म्हणून त्याने सरसकट निम्मे-निम्मे सांगितले. त्याची सरासरी ०.२५. म्हणजे सात वेळा बरोबर ठरलेला फुशारकीखोर हा काहीच न जाणणाऱ्याच्याही मागे पडला! या मापाने आपल्याला नेमके किती ठाऊक आहे, हे प्रामाणिकपणे सांगणाऱ्याचाच फायदा होतो. सोन्याचा कस लावणाऱ्या सराफाला यात नवल वाटणार नाही.

पहिल्या नंबरात नशीब किती?

माप चांगले असले तरी मोबदला वाटण्याची पद्धत चुकू शकते. २०१४ च्या पहिल्या स्पर्धेत मायकेल लोपेझ आणि ग्रेगरी मॅथ्यूज हे दोन संख्याशास्त्रज्ञ पहिले आले. (त्या वर्षी माप वेगळे होते, पण तेही आकड्यातील शक्यताच तपासणारे.) लास वेगासच्या सट्टाबाजाराने जाहीर केलेले गुणांचे फरक आणि संघांच्या कामगिरीचे आकडे एकत्र करून त्यांनी साध्या गणिताने सुमारे ४०० प्रवेशिकांना मागे टाकले. नंतर त्यांनी स्वतःच्याच यशाची उलटतपासणी केली. पुढे प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात त्यांनी लिहिले की, परिस्थिती आपल्या अंदाजांना जास्तीत जास्त अनुकूल धरली तरी पहिले येण्याची शक्यता सुमारे १२ टक्केच होती आणि पहिल्या दहांत येण्याची निम्म्याहून थोडी कमी.

विजेत्यांनी स्वतःच हे सांगावे, ही दाद देण्याजोगी गोष्ट आहे. त्यातला व्यापारी धडा असा की, सारी रक्कम पहिल्या दोन-चार जणांना दिली तर हुनराबरोबर नशिबालाही मजुरी जाते. स्पर्धकही मग बेधडक आकडे टाकू लागतात, कारण सावध अंदाजाने वरचा नंबर क्वचितच मिळतो. अनेक सामन्यांचा, अनेक महिन्यांचा हिशेब ठेवून गुणांच्या प्रमाणात मोबदला देणे अधिक न्यायाचे आहे. यंत्राचाही त्यातच फायदा, कारण त्याला एका दिवसाचा विजेता नको असतो, सातत्याने खरा उतरणारा माणूस हवा असतो.

इनाम की पैज?

आपल्या वाचकांच्या मनात येणारा पहिला सवाल हाच असेल. येथे फरक नीट पाहावा. खिशातून काही न लावता, केलेल्या कामाबद्दल इनाम मिळणे ही एक गोष्ट. स्वतःचे पैसे लावून ते दुप्पट होणे किंवा बुडणे ही दुसरी. फिकहमध्ये ठरलेले काम पुरे करणाऱ्याला जाहीर केलेल्या इनामाचा विचार "जुआला" या नावाने केलेला आहे, तर पैसे लावण्याचा प्रकार मैसिरकडे, म्हणजे जुगाराकडे जातो. प्रत्येक योजनेचा निर्णय मात्र आलिमांना विचारूनच करावा.

देशाचा कायदाही याच रेषेवर आला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी जो कायदा मंजूर केला, त्याने हुनराचा खेळ आणि नशिबाचा खेळ हा जुना भेद बाजूला ठेवला. पैसे भरून पैसे जिंकण्याची आशा असेल तर तो ऑनलाइन खेळ मना, मग त्यात अक्कल कितीही लागो. मुंबईच्या ड्रीम इलेव्हन कंपनीने त्याच महिन्यात पैशांच्या स्पर्धा बंद केल्या.

माल घेणारा कोण, हेही पाहायला हवे. इंग्लंडमधील मॅथ्यू बेनहॅम यांनी फुटबॉलचे अंदाज विकणारी स्मार्टऑड्स ही कंपनी काढली. तिचे गिऱ्हाईक पैजा लावणारे. २०१२ साली त्यांनी ब्रेंटफर्ड हा क्लब विकत घेतला आणि तसेच आकडेशास्त्र खेळाडूंच्या निवडीसाठी वापरले. २०२१ मध्ये हा लहान क्लब प्रीमियर लीगमध्ये पोहोचला. हुनर एकच, त्याचे उपयोग दोन.

हाती काय उरते?

अशा स्पर्धांत इनाम घेताना विजेत्याला साधारणपणे आपली पद्धत आणि संगणकावरील सारे लिखाण देऊन टाकावे लागते. पैसे एकदा मिळतात, पद्धत कायमची जाते. नमुना एकदाच विकणाऱ्या आणि पुढे तोच नमुना बाजारभर पाहणाऱ्या कारागिराला हे दुःख नवे नाही. उलट, २०२४ साली सुरू झालेल्या स्पोर्ट्सटेन्सरसारख्या योजनांनी अंदाज देणाऱ्याला त्याच्या कामगिरीप्रमाणे सतत मोबदला देण्याची रीत काढली. ही रीत बरी, पण तो मोबदला आभासी चलनात होता आणि अशा चलनाचा भाव रोज हलतो. शिवाय भारतात अशा चलनाच्या विक्रीवरील नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के आयकर आहे आणि एका व्यवहारातील तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही.

म्हणून ज्यांच्या घरातील हिशेबी डोक्याची, खेळाची जाण असलेली मुले या कामाकडे वळू पाहत असतील, त्यांनी चार गोष्टी आधी विचाराव्यात. प्रवेशासाठी पैसे लावावे लागतात काय? गुण कोणत्या मापाने देतात आणि किती सामन्यांवर? मोबदला रुपयांत की आभासी चलनात? आणि आपली पद्धत दिल्यावर तिच्यावर आपला काही हक्क राहतो काय? यांची साफ लेखी उत्तरे मिळत नसतील तर तो सौदा सोडून द्यावा. मुलाचे डोके शाबूत आहे. त्याला दुसरे गिऱ्हाईक मिळेल.