मेडिकलच्या काउंटरपलीकडची नोकरी

मुलगा बारावी सायन्स झाला की "डी.फार्म. करू द्या, चौकात मेडिकल टाकू," असे आमच्या व्यापारी घरांतून हमखास बोलले जाते. धंदा बरकतीचा आहे, आम्ही त्याला नावे ठेवत नाही. मात्र याच शिक्षणाची पुढची पायरी मोठ्या इस्पितळाच्या अतिदक्षता विभागात, म्हणजे आयसीयूत, जाते हे फार थोड्या बांधवांना ठाऊक आहे. तेथे काम करणाऱ्यास क्लिनिकल फार्मासिस्ट म्हणतात.

सास्तूरकरांना या कामाचे मोल समजावणे अवघड नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने हे गाव जमीनदोस्त केले. ढिगाऱ्याखाली तासन् तास दबलेल्या माणसाचे स्नायू चिरडले जातात, त्यांतील द्रव्ये रक्तात उतरतात आणि मूत्रपिंड बंद पडू लागते. अशा रोग्याला जेंटामायसिन किंवा अमिकासिनचे इंजेक्शन नेहमीच्या मापाने देत राहिले तर ते लघवीवाटे बाहेर न पडता अंगात साचते. मूत्रपिंड आणखी बिघडते, कानही जाऊ शकतात. अशा वेळी डोस किती उतरवायचा, दोन डोसांत किती तास ठेवायचे, हा हिशेब रोजच्या रक्ततपासणीवरून नव्याने मांडावा लागतो. हे हिशेब करणारा माणूस म्हणजे क्लिनिकल फार्मासिस्ट.

आयसीयूतील एकेका रोग्यास दहा-पंधरा औषधे एकाच वेळी चालू असतात. डॉक्टर फेरीला निघाले की हा त्यांच्याबरोबर खाटेजवळ उभा राहतो आणि कागद वाचतो. सेफ्ट्रियाक्सोन व कॅल्शियम एकाच नळीतून गेले तर साका धरतो. फिटचे फेनिटॉइन ग्लुकोजच्या सलाईनमध्ये घालता येत नाही. काही गोळ्यांवर वेष्टण असते, त्या कुटून नाकाच्या नळीतून दिल्या तर औषधाचा नूर बदलतो. या बारीक गोष्टी वाटतात, पण कापड बेतणाऱ्याला एका सुताचा फरक किती महाग पडतो हे आम्ही का सांगावे?

अमेरिकेत बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये आयसीयूच्या फेरीत फार्मासिस्ट सामील करून पाहिला. १९९९ साली त्याचा निष्कर्ष छापून आला: औषध लिहिण्यातील चुकांमुळे होणारी, टाळता येण्याजोगी इजा ६६ टक्क्यांनी घटली. त्याने ३६६ सूचना केल्या, त्यांतील जवळजवळ सर्व डॉक्टरांनी मानल्या.

आमच्या नात्यातील एका शिंपीकाम करणाऱ्या चाचांचा प्रसंग सांगतो. हृदयाच्या झडपेसाठी ते रक्त पातळ करणारी वॉरफरिन गोळी घेत. तापाने बेशुद्ध पडले, घरच्यांनी गाडी करून शहरात नेले, गोळ्यांची पिशवी मात्र खुंटीला तशीच राहिली. तेथे मेट्रोनिडाझोल सुरू झाले. वॉरफरिनचा जोर या औषधाने वाढतो. दुसऱ्या दिवशी हिरड्यांतून रक्त येऊ लागले. तेथल्या एका तरुण फार्मासिस्ट मुलीने चाचींना बाजूला घेऊन विचारले, "खाला, घरी कोणत्या गोळ्या चालू होत्या?" फोनवरून पिशवीतील नावे वाचून घेतली आणि मग सारा उलगडा झाला. चाचा आजही मशीनवर बसतात.

शिक्षणाविषयी. फार्म.डी. हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम आपल्या देशात २००८ साली सुरू झाला. पाच वर्षे शिक्षण, सहावे वर्ष इस्पितळात. बारावी सायन्स किंवा डी.फार्म. झालेल्यास पहिल्या वर्षी प्रवेश मिळतो, बी.फार्म. झालेल्यास तीन वर्षांचा वेगळा मार्ग आहे. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनंतर या कामाला कायद्याच्या भाषेतही जागा मिळाली. औषधाच्या धंद्यात आपली माणसे नवखी नाहीत. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ मध्ये मुंबईत सिप्ला काढली. मौलाना आझाद संस्थेच्या औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) आवारात वाय. बी. चव्हाण फार्मसी कॉलेज आहे, तर अक्कलकुव्यास अली अलाना कॉलेज.

पण खरे तेही सांगितले पाहिजे. सहा वर्षांची फी भरूनही पगार सुरुवातीस मनासारखा मिळेलच असे नाही. कित्येक इस्पितळे अजून फार्मासिस्टला औषधाच्या खिडकीमागेच बसवतात. दुकानाचा गल्ला पहिल्या महिन्यापासून दिसतो, या नोकरीचा दिसत नाही. ज्याला कर्ज काढूनच शिकवायचे आहे, त्याने प्रवेशापूर्वी त्या कॉलेजची मुले खरोखर कोणत्या इस्पितळात, कोणत्या वॉर्डात शिकतात हे स्वतः जाऊन पाहावे. इस्पितळ नुसते कागदावर असेल तर पैसे वाचवावेत.

गावात स्पर्श ग्रामीण रुग्णालय आहे, तरी रोगी अत्यवस्थ झाला की गाडी लातूर किंवा सोलापूरकडे वळते. तेव्हा गाडीत बसण्यापूर्वी घरातील सर्व गोळ्या, बाटल्या, इन्सुलिन, हकीमाच्या पुड्यासुद्धा, एका पिशवीत घालाव्यात. आयसीयूत पोचल्यावर "फार्मासिस्ट कोण आहेत?" असे विचारून ती पिशवी त्यांच्या हाती द्यावी, तसे कोणी नसेल तर ड्युटीवरील डॉक्टरांकडे. औषधाने अंगावर चट्टे किंवा दुसरा त्रास झाला तर १८००-१८०-३०२४ या सरकारी मोफत क्रमांकावर कळवता येते.