जुनी गाडी, घाट आणि ब्रेक ऑइल

जुनी गाडी वरचेवर लांबच्या प्रवासाला काढणार असाल, तर इंजिन ऑइलइतकंच ब्रेक ऑइलकडेही लक्ष द्या. ते हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट ३ प्रतीचं ताजं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरलं, की ते १४० अंशांनाही उकळू शकतं. आंबेनळीसारखा घाट उतरताना सतत ब्रेक दाबला, की चाकाजवळचं ऑइल तापतं आणि वाफेचे बुडबुडे होतात. द्रव सहजी दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. त्यामुळे पेडल खाली जातं, पण ब्रेक लागत नाही. साधारण दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलून घ्या आणि घाट खालच्या गिअरमध्येच उतरा.