कुंडीतली ढेप

अकोल्यात ऊन तापू लागलं, की गच्चीवरच्या कुंड्यांवर पालापाचोळा, काथ्या आणि उसाच्या चिपाडांचं आच्छादन चढतं. खाली खत म्हणून एरंडीची ढेप किंवा हाडांची पूड घातलेली असते. घरातलं कुत्रं कुंडी उकरतं ते बहुतेक वेळा या वासामुळे.

परदेशी बागांमध्ये अशा वेळी धास्ती असते ती कोकोच्या टरफलांची, कारण त्यांत चॉकलेटमधलंच थिओब्रोमाइन असतं. वऱ्हाडात जपायचं ते एरंडीपासून. घाण्यातून तेल निघून जातं, पण रायसिन हे विष तेलात उतरत नाही, ते ढेपेतच उरतं. पुरेशी उष्णता दिली तरच ते निकामी होतं. पेशींमधली प्रथिनं तयार होण्याचं कामच ते बंद पाडतं आणि त्याचा परिणाम दिसायला वेळ लागतो. ढेप खाऊन आलेलं कुत्रं कित्येक तास शेपूट हलवत फिरतं. मग उलट्या, रक्ताचे जुलाब आणि गळाठा. उपचारांचा सर्वाधिक उपयोग होतो तो त्या आधीच्या तासांत, आणि तेच तास 'काही झालं नाही ना' म्हणत निघून जातात.

मूर्तिजापूर रोडवरची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था असो की गल्लीतला दवाखाना, डॉक्टरांना आधी हवं असतं ते खाल्लेल्या वस्तूचं नाव, प्रमाण आणि वेळ. खताची पिशवी सोबत आणली तर निम्मं काम होतं. कुत्रं सावध असेल आणि साधारण दोन तासांच्या आत आलं असेल, तर इंजेक्शनने उलटी करवतात. गुंगीत असलेल्या किंवा झटके येणाऱ्या कुत्र्याला मात्र नाही, कारण ओकारी फुप्फुसात जाऊ शकते. पुढे वजनाच्या दर किलोमागे १ ते २ ग्रॅम ॲक्टिव्हेटेड चारकोल पाजतात. रायसिनवर उतारा नाही. त्यामुळे सलाईन, उलटी थांबवणारं औषध, आतड्याच्या अस्तराला जपणारं औषध आणि यकृत-मूत्रपिंडांसाठी रक्ततपासणी, असं दोन-तीन दिवस चालतं.

काथ्याचा त्रास वेगळा. त्याचा बोळा आतड्यात अडकतो आणि एक्स-रेत नीट दिसतही नाही. साचलेल्या वायूवरून अंदाज बांधून सोनोग्राफी करावी लागते, वेळ आली तर शस्त्रक्रियाही. बुरशी चढलेल्या खताने अंगाला कंप सुटतो.

घरी मिठाचं पाणी पाजण्याचा उपाय मात्र कायमचा सोडायला हवा. त्याने रक्तातलं सोडियम वाढून मेंदूला इजा होते, आणि डॉक्टरांना मग ढेपेसोबत मिठाशीही झुंजावं लागतं.